पत्रिका छापायच्या असतील तर जांभळी नाक्याजवळचं हे दुकान, मजकुरासाठी पूर्ण मार्क

भावाच्या लग्नाच्या पत्रिका ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका जुन्या दुकानातून करून घेतल्या. ज्यांच्या घरात आई एकटी आहे किंवा आत्या, मावशी, ताई कोणीतरी घटस्फोटित आहे किंवा लग्नच केलेलं नाही, त्यांनी तर नक्की इथेच जावं असं मला मनापासून वाटतं. कागद, फॉइल, गणपतीची डिझाईन्स हे सगळं नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत कुठेही मिळेल, त्यात विशेष काही नाही. हे लोक मजकूर नीट विचारून करतात, बाकीकडे ते होत नाही.

बाकीकडे काय होतं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून सगळा साचा तयारच असतो, आपण फक्त नावं द्यायची, आणि वडील गेलेत म्हटलं की पुढचा माणूस न विचारता वडिलांना कै. आणि आईला श्रीमती लावून प्रूफ व्हॉट्सॲपवर टाकून मोकळा होतो. इथे कॉम्प्युटरवर बसणारे काका आहेत, त्यांनी आधी आईकडे बघून विचारलं, ताई तुमच्या नावाआधी काय लावू? बाबा गेल्यापासून हे आईला कोणी विचारलंच नव्हतं, बँकेत, सोसायटीच्या पावतीवर, नातेवाईकांच्या पत्रिकांवर सगळ्यांनी परस्पर सौ. काढून श्रीमती करून टाकलं होतं. आई म्हणाली, काहीच लावू नका, नुसतं नाव लिहा.

तिथे बसलेले माझे मामा लगेच म्हणाले की असं बरं दिसत नाही, रीत आहे. मग काकांनी शांतपणे सांगितलं की श्रीमती हे श्रीमानचं स्त्रीलिंगी रूप, त्यात नवरा असल्या-नसल्याचा काही संबंधच नाही, सरकारी कागदावर तर लग्न झालेल्या न झालेल्या सगळ्याच बायकांना श्रीमती लावतात, आणि हिंदीत श्रीमती म्हणजे सरळ लग्न झालेली बाई. आपल्याकडे पत्रिका वाचणारा मात्र श्रीमती दिसलं की नवरा गेलेला असंच धरतो. मामा गप्प बसले, पटलं की नाही माहीत नाही.

वहिनीची आई ऐरोलीला असते, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्याकडच्या मोठ्यांचा आग्रह होता की सौ. छापा म्हणजे कोणी काही विचारणार नाही. वहिनीच्या आईला स्वतःला ते खोटं वाटत होतं आणि श्रीमतीही नको होतं, कारण मग लोक भलताच अर्थ काढणार. काकांनी सुचवलं की मग दोन्हीकडच्या पुरुषांचंही श्री. काढू या, कारण फक्त बायकांचं काढलं तर त्यांचा मान कमी केल्यासारखं दिसतं. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. श्री. वाचून बाप्याचं लग्न झालंय का, बायको आहे का गेली, काहीच कळत नाही, आणि बाईच्या नावामागे कुमारी, सौ., गं. भा. जे लावाल त्यात तिचं अख्खं घर वाचता येतं, हा फरक इतका रोजचा आहे की पत्रिका हातात घेताना आपल्या डोक्यातही येत नाही.

त्यांच्याकडे जुन्या पत्रिकांची जाड फाईल आहे, ती जरूर मागून बघा. त्यात गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी असं छापलेल्या कितीतरी पत्रिका आहेत. 2023च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी हाच शब्द सुचवला आणि किती विरोध झाला ते आठवत असेल, आणि माझ्या मते तो विरोध बरोबरच होता. त्याच्या आदल्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला, म्हणजे गावात प्रथा मोडतायत आणि आपण शहरात गुळगुळीत कार्डावर वेगळा शिक्का मारायचा, हे मला पटत नाही.

नवरीच्या नावाचंही तसंच. नवरा चि. आणि नवरी चि. सौ. कां., म्हणजे सौभाग्यकांक्षिणी. वहिनीने विचारलं की सौभाग्याची इच्छा एकटीलाच का, तर दुकानातल्या काकांनी दोघांना नुसतं चि. लावून दाखवलं, छान सुटसुटीत दिसतं. माझ्या काकूला मात्र स्वतःचं सौ. हवंच होतं, ते तिच्यासाठी ठेवलं. एकच सौ. वेगळं दिसतं खरं, मला स्वतःला ते नको होतं, पण नाव तिचं आहे त्यामुळे मी वाद घातला नाही.

आता तक्रारी. पाकिटांचा गम कच्चा आहे, बरीच पाकिटं घरी परत चिकटवावी लागली. सांगितलेल्या तारखेला पत्रिका तयार नव्हत्या, केळवणांच्या गडबडीत ते त्रासाचं झालं. रेट जरा जास्त वाटला. गाडी अजिबात नेऊ नका, स्टेशनवरून चालत जा.

हळदीकुंकवाची छोटी कार्डंही करतात. संक्रांत ते रथसप्तमी गर्दी असते म्हणून आधीच द्या. त्यात 'सुवासिनींनी यावे'च्या जागी 'सर्व महिलांनी यावे' हा नमुना तयार आहे, तो मागा, आमच्या बिल्डिंगला मी तोच करून घेणार आहे. आणि पत्रिकेसाठी जाताना प्रत्येक बाईला आधी फोन करून तिचं नाव कसं छापायचं ते विचारून यादी शुद्ध मराठीत लिहून न्या, म्हणजे काकांचं काम लवकर होतं.