नदीपलीकडचे नार्वे: दिवाडी बेटावरील एका होमस्टेविषयी

डिचोली तालुक्यातील नार्वे गावाच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि पलीकडे ती ज्या काठाला लागते, त्या गावाचे नावही नार्वेच आहे. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरचे हे नार्वे मूळचे. गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत श्री सप्तकोटेश्वराचे देवालय तिथे होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडल्यानंतर भाविकांनी लिंग नदीपार आणले आणि अलीकडच्या काठालाही लोक नार्वेच म्हणू लागले. डिचोलीच्या आम्हा लोकांना ही हकिकत लहानपणापासून ठाऊक असते. तरीही दिवाडीवर मुक्काम करावा, असे मला कधी सुचले नव्हते. या श्रावणात गोकुळाष्टमीनंतरच्या आठवड्यात आईला घेऊन मी तिथल्या एका जुन्या घरात दोन रात्री राहून आलो. घरमालकांनी चार वर्षांपूर्वी त्या घराचा होमस्टे केला आहे. अशा प्रयत्नातून नदीकाठचे एखादे जुने गाव सावरू शकते का, हा प्रश्न मनात ठेवूनच मी गेलो होतो, म्हणून इथे खोल्यांइतकेच गावाविषयीही लिहीत आहे.

घर चिऱ्याचे आहे. पुढे बसायला बल्कांव, आत चौकोनी राजांगण, वर मंगळुरी कौले आणि दोन खिडक्यांना अजून टिकून राहिलेल्या शिंपल्यांच्या तावदानांची जाळी. काच स्वस्त होण्यापूर्वी गोव्यातल्या घरांना हीच तावदाने असत. त्यांतून येणारा उजेड दुधाळ आणि शांत असतो, दुपारीही डोळ्यांना खुपत नाही. मालकांनी दुरुस्ती करताना दर्शनी भिंतींना चुन्याचाच गिलावा दिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. चिरा हा सच्छिद्र दगड आहे, पावसाळ्यात तो ओल शोषतो आणि पुढे ती हळूहळू बाहेर टाकतो. चुना ही ओल अडवत नाही. सिमेंटचा गिलावा मात्र ती आतच कोंडून ठेवतो, मग काही वर्षांत भिंतीला पोपडे धरतात आणि घरमालक घर जुने झाले म्हणून दगडाला दोष देतात. गोव्यातील किती तरी घरे अशा चुकीच्या दुरुस्तीने खराब झालेली मी पाहिली आहेत. या घरातही मागे नव्याने बांधलेल्या न्हाणीघरांना सिमेंट लावले आहे आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी ओलीचा पट्टा आताच दिसू लागला आहे. मालकांच्या ते लक्षात आले असून पुढच्या उन्हाळ्यात तो गिलावा काढण्याचा त्यांचा विचार आहे.

जेवणाविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण परत येताना आई सगळ्यात जास्त त्याविषयीच बोलत होती. सकाळी नऊ वाजता उकड्या तांदळाची पेज, खारातला आंबा आणि भाजलेला सुका बांगडा असा नाश्ता मिळाला. पेजेचा तांदूळ कोरगुटाचा होता. कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भाताचे जुने वाण आहे. त्याचा दाणा तांबूस आणि जाड असतो, पेजेला तो दाटपणा आणतो आणि पोटाला दुपारपर्यंत आधार देतो. हॉटेलांत पाहुण्यांपुढे पेज ठेवायला लोक संकोचतात, ती आजाऱ्याचे किंवा कष्टकऱ्याचे अन्न आहे, असा त्यांचा समज असतो. इथे घरच्या वहिनींनी ती कोणतीही सबब न सांगता वाढली आणि आईला मावशी म्हणून हाक मारत दुसऱ्यांदा आग्रहही केला. दुपारी शेवटा माशाचे हुमण म्हणजे नारळाच्या रसातली आमटी, तळलेला चोणक मासा, सुक्या सुंगटांची किसमूर आणि सोलकढी होती. आमच्याकडे श्रावणी सोमवारी मासे चालत नाहीत, हे सांगताच दुसऱ्या दिवशी मिश्र भाज्यांचे खतखते आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या झाल्या. हे घर ख्रिस्ती कुटुंबाचे आहे. पातोळ्या त्यांच्याही घरात याच दिवसांत होतात, हे आईला नव्याने कळले आणि मग स्वयंपाकघरात दोघींची तासभर चर्चा रंगली, ती गुळाच्या प्रमाणावरून. मासे सकाळी गावातल्याच माणसाकडून येतात, म्हणून जेवणाची यादी छापलेली नाही. जे मिळाले ते शिजते. ज्यांना ठरावीक पदार्थ हवे असतात, त्यांची इथे अडचण होईल.

बल्कांवाला लागून एक लहान दुकान आहे. कोरगुट तांदूळ, नारळाचे तेल, सोले, आंब्याचे लोणचे, खाजे आणि रोज लागणाऱ्या वस्तू तिथे मिळतात. माझ्या दृष्टीने या साऱ्या उपक्रमाचे मर्म या दुकानात आहे. मी तिथे बसलो असताना शेजारची एक मुलगी काडेपेटी आणि साबण न्यायला आली, एक वृद्ध गृहस्थ तांदूळ घेऊन गेले आणि मी घेतला तोही त्याच पोत्यातला, त्याच भावाचा होता. पर्यटकांसाठी उघडलेल्या दुकानात गावकऱ्याचे पाऊल पडेनासे झाले की ते गाव देखावा होऊ लागते. किनाऱ्यावरच्या गावांत हे आपण गेली पन्नास वर्षे पाहत आलो आहोत. पण याच दुकानाच्या एका फळीवर शिंपल्यांच्या चौकटी आणि रंगवलेल्या करवंट्या मांडल्या आहेत. त्या बाहेरून आणलेल्या आहेत आणि कळंगुटपासून पणजीपर्यंत कुठेही मिळतात. त्यांचा दिवाडीशी काहीही संबंध नाही. ती फळी रिकामी करून तिथे गावातल्या बांबूच्या टोपल्या ठेवाव्यात, असे मी मालकांना स्पष्ट सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या एका तरुणाबरोबर तीन तासांची पायी फेरी होती. त्याने मूळ देवस्थानाची जागा, कोटीतीर्थाचे जुने तळे आणि गोकुळाष्टमीला लोक स्नानाला येतात तो पंचगंगेचा काठ दाखवला. नदीपलीकडच्या देवालयाचा इतिहासही त्याने नेमका सांगितला. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 साली त्याच्या पुनर्बांधणीची आज्ञा दिली, तिथल्या शिलालेखात शके 1590 हे वर्ष कोरलेले आहे आणि अलीकडे राज्याच्या पुरातत्त्व खात्याने केलेला जीर्णोद्धार 2023 साली पूर्ण झाला. बेटावरच्याच पिएदाद टेकडीवरच्या चर्चजवळील स्मशानभूमीत कदंबकालीन मंदिराचे कोरीव छत शिल्लक आहे, तिथे तो बराच वेळ थांबला आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला बोचणार नाही अशा शब्दांत त्याने त्या छताची हकिकत सांगितली. एवढ्या लहान वयात ही समज असणे कौतुकाचे आहे. टेकडीवरून जुन्या गोव्यातील चर्चांचे मनोरे दिसतात. ती चर्च आणि मठ 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि तिथे लोटणारी गर्दी आपण सारे जाणतो. रोगराईने ते शहर ओस पडत गेले, 1843 साली राजधानी पणजीला नेल्याचे जाहीर झाले, पुढे इमारती राहिल्या आणि वसती गेली. दिवाडीत अजून माणसे राहतात, हेच तिचे मोठे धन आहे.

मात्र या फेरीत एक मोठी उणीव राहिली. परतताना आम्ही बांधावरून चालत आलो. दोन्ही बाजूंना पोटरीला येऊ घातलेले भात होते, पण ‘ही शेती’ एवढेच सांगून तो तरुण पुढे गेला. खरे तर दिवाडीचा सगळ्यात जुना वारसा पायाखाली होता. ही खाजन जमीन आहे, भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली असलेली. माती, चिरा आणि पेंढा यांचे बांध घालून मांडवीचे खारे पाणी अडवायचे आणि बांधातल्या मानशीने, म्हणजे पाण्याच्या झडपदाराने, त्याची ये-जा सांभाळायची, अशी ही व्यवस्था. मानशीची लाकडी दारे ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरती आली की आपसूक मिटतात. दाराआड पोय म्हणजे पाण्याचा डोह असतो, तिथे मासे मिळतात आणि त्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पूर्वी बांधांची राखण गावकरी, म्हणजे गावची सामूहिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, करत असे, 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. एक बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते, पुढचे काही हंगाम पीक धरत नाही, कसणारा कंटाळतो आणि पडीक जमिनीत कांदळवन वाढू लागते. मग कोरगुट नाही, पेज नाही आणि खिडकीतून दिसणारी ती हिरवळही नाही, जिच्यासाठी लोक 3,500 रुपये मोजून इथे एक रात्र राहतात. रात्री बल्कांवात बसून मी हे मालकांशी बोललो. प्रत्येक पाहुण्याच्या बिलातील ठरावीक रक्कम बांधाच्या डागडुजीसाठी कुळांच्या संघटनेला द्यावी आणि बिलावर ती वेगळी दाखवावी, असे मी सुचवले. त्यांनी ते मनापासून ऐकून घेतले. शेतावर राबायला माणूस मिळत नाही, ही त्यांचीही चिंता आहे आणि त्यांच्या स्वतःच्या शेताचा एक तुकडा तीन वर्षे पडीक आहे.

लहानसहान तक्रारी आणखी दोन आहेत. खोलीत प्लास्टिकच्या बाटल्यांतले पाणी ठेवतात, विहिरीचे पाणी गाळून आणि उकळून माठात ठेवता येईल. दुसरे म्हणजे न्हाणीघराची पायरी उंच आहे आणि हाताला धरायला काही नाही, आईला तिथे प्रत्येक वेळी मी आधार दिला.

दिवाडीला पूल नाही, त्यामुळे फेरीबोटीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. पणजीकडून येणाऱ्यांना जुने गोवे किंवा रायबंदरचा धक्का सोयीचा, डिचोली-साखळीच्या लोकांनी नार्व्याहून यावे आणि बोटीत बसण्यापूर्वी सप्तकोटेश्वराचे दर्शन घ्यावे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराचा, म्हणजे झेंड्यांचा, उत्सव असतो, त्या सुमारास खोली मिळणे कठीण आहे. आम्ही कापणीच्या दिवसांसाठी पुन्हा नाव नोंदवले आहे. त्या खेपेला ओहोटीच्या वेळी मानशीपाशी नेऊन तिची राखण करणाऱ्या माणसाशी गाठ घालून देण्याचे मालकांनी कबूल केले आहे, आणि आईने घरच्या विड्याच्या वेलाचे खोड वहिनींसाठी आतापासूनच कुंडीत लावून ठेवले आहे.