रेट आपले टाकता येतात, पण आकडा टाकू नका, टक्का टाका

कोटेशन बनवायचं हे ॲप, आठ महिने झाले वापरून. आमचं काम वायरिंगचं, बंगले, दुकानाचे गाळे, कधी एखादी शाळा. आधी कोटेशन एक्सेलमध्ये करायचो, त्याच्या आधी लेटरहेडवर पेनाने, पार्टी म्हणाली दोन पॉईंट वाढवा की परत पहिल्यापासून बेरीज. हे ॲप घेतलं ते एकाच गोष्टीसाठी, कंपन्यांची लिस्ट प्राइस (कंपनीने जाहीर केलेली किंमत) कॅटलॉगमध्ये तयार येते आणि तिच्यावर आपला रेट लावता येतो.

तर लावता येतो, आणि सोपं आहे. बिल्डरला वेगळा, घरगुतीला वेगळा आणि पाहुण्यारावळ्यांना वेगळा (तो दरवेळी अंगावरच येतो) असे तीन रेट ठेवलेत. पहिल्याच दिवशी मी ९० मीटरच्या बंडलाचा रेट मीटरच्या खान्यात टाकला, पॉईंटला १० मीटर वायर धरलेली, झालं, एका लाईट पॉईंटला १९,८०० ची वायर! बायको म्हणाली सोन्याची ओढताय का. म्हणून युनिट आधी बघा, रेट नंतर.

खरा फटका पुढे बसला. दीडच्या (दीड चौरस मिमीच्या) वायरचं बंडल मला १,९८० ला पडायचं, म्हणजे मीटरला २२, तेवढे टाकून मोकळा झालो. मधे तांबं वाढलं, लिस्ट बदलली, ॲपने लिस्ट बरोबर अपडेट पण केली, पण मी हाताने टाकलेले २२ आहेत तिथेच. दुकानात गेलो तर बंडल २,२५०. बंगल्याला १४ बंडलं लागली, ३,७८० रुपये खिशातून गेले आणि कोटेशनवर सही झालेली, आता पार्टीला कुठल्या तोंडाने सांगणार. चूक अर्धी माझी, मान्य. पण लिस्ट हलली आणि याचा रेट जुनाच आहे, एवढं लाल अक्षरात दाखवायला काय जातंय? आता आकडा टाकतच नाही, 'लिस्टवर इतके टक्के कमी' असा ऑप्शन आहे तो लावतो, लिस्ट वाढली की आपला रेट आपोआप वाढतो. फक्त होलसेलरने डिस्काउंट बदललं की तेवढं लक्षात ठेवून बदलायचं.

अजून एक, 'मार्जिन' नावाचा खाना नीट तपासून घ्या. १०० च्या वस्तूला २५ टाकून १२५ आले तर ते खरेदीवरचे पंचवीस टक्के, विक्रीवर धरले तर वीसच भरतात. विक्रीवर पंचवीस सुटायला हवे असतील तर १३३.३३ यायला पाहिजे. इथे १२५ येतात, आणि मी सहा महिने पंचवीस सुटतात म्हणून खुशीत होतो.

जीएसटी वेगळा धरतं, रेट १८ टक्के जीएसटीसकट असेल तर आधी १.१८ ने भागून टाका.

चांगलं काय तर पाठवलेलं कोटेशन गोठून राहतं, नंतर कॅटलॉगमध्ये काहीही उलथापालथ करा, जुनं हलत नाही, स्वतः 'रेट ताजे करा' दाबलं तरच बदलतं. एक्सेलमध्ये याच्यावरून दोनदा भांडणं झालीयेत.

कस्टमर केअरला लाल अक्षराचं सांगितलंय, पुढच्या अपडेटमध्ये बघू म्हणाले, हे दिवाळीच्या आधीचं बोलणं. तूर्तास तीन स्टार, लाल अक्षर आलं की चौथा टाकतो.