केरिस न्हाणाला द्यायच्या आधी

सुरो महिना, म्हणजे जावातला मुहर्रम, लागला की इंडोनेशियातल्या सोलो आणि जोगजा (योग्याकार्ता) या शहरांकडच्या घरांतले केरिस, म्हणजे जावाचे पारंपरिक खंजीर, म्यानाबाहेर निघतात. या न्हाणाला तिथे जामासान म्हणतात. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुसून पुजतात, तशातलाच हा विधी. पण इथे शेवटचा हात सोमलाचा, म्हणजे विषारी आर्सेनिकचा असतो. हे काम प्रत्येकाला येत नाही आणि ठगांचं फावतं ते इथेच.

प्रकार ठरलेला आहे. "दोन तासांत पामोर उजळून देतो," असं सांगून केरिस नेला जातो. पामोर म्हणजे लोखंडात निकेलयुक्त धातू घडवून उठवलेली नक्षी. केरिस परत येतो तेव्हा नक्षी चांदीसारखी झळकत असते, मालक खूश होऊन पैसे देतो. पावसाळी दमट हवेत काही आठवड्यांतच तेलाखालून नारिंगी गंज पाझरू लागतो. तो आधी दिसतो गंजाच्या सांध्यात. (हा गंजा म्हणजे पात्याच्या बुडाशी बसवलेला वेगळा आडवा तुकडा, आपला गंज नव्हे.) केरिस न्हालेला नसतो, तो ॲसिडमध्ये बुडवलेला असतो.

ॲसिड लोखंड भराभर खातं, निकेल हळू. म्हणून नक्षी उठून दिसते, पण बोट फिरवलं की कानशीसारखी खरखर लागते. धार करवतीसारखी होते, गंजा आणि पातं यांच्यात फट पडते. शिवाय पात्यावर जुनं सोमल असेल तर ॲसिडमुळे विषारी वायू सुटू शकतो, म्हणजे जिवाशीच खेळ.

नीट पद्धत वेळखाऊ आहे. मूठ काढायची, पातं काही दिवस नारळपाण्यात ठेवायचं, मग लिंबू आणि लेराक (रिठ्याचा भाऊबंद) लावून मऊ ब्रशने लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासायचं. धुऊन पूर्ण कोरडं झालं की लिंबाच्या रसात कालवलेलं वारांगान हे सोमलयुक्त खनिज लावायचं. त्याने लोखंड निळसर काळं होतं, निकेल पांढरंच राहतं. मग धुणं, वाळवणं आणि चंदनाचं किंवा मोगऱ्याच्या जातीतल्या मेलातीचं तेल. हातमोजे हवेतच आणि यातलं एकही भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. दरवर्षी वारांगान लावायचा आग्रह धरणाराही संशयास्पदच, कारण प्रत्येक वेळी पांढरं करताना थोडं लोखंड जातंच. काळा रंग टिकून असेल तर वर्षातून एकदा पुसून तेल लावलं तरी पुरे.

केरिस देण्याआधी मूठ काढून नुसतं पातं काट्यावर तोला. दोन्ही बाजू, गंजा आणि मुठीत शिरणारी दांडी (पेसी) यांचे पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. जुनी पेसी कापून नवी जोडणं किंवा अख्खा गंजाच बदलणं असल्या करामती या फोटोंवरूनच पकडता येतात.

विकत घेतानाही पेसीच बघावी. विकणारे किमतीला 'माहार' (लग्नातली मेहेर) म्हणतात आणि "मूठ काढली तर अपशकुन होतो," असं बजावतात. ही शुद्ध थाप आहे. जामासानात मूठ निघतेच, ती पेसीवर गुंडाळलेल्या कापडाच्या आधारावर बसलेली असते आणि हळू फिरवली की सुटते. मजापाहितकालीन (जावातल्या जुन्या साम्राज्याच्या काळातलं) म्हणून दाखवलेल्या पात्याची पेसी ताजी, सरळ आणि वेल्डिंगची गाठ असलेली निघाली तर तिथूनच उठावं. ॲसिडने जुनं केलेल्या पात्यावरचे खड्डे सगळीकडे सारखे असतात. खरी झीज धातूच्या थरांच्या रेषेने जाते, धारेला जास्त आणि बुडाच्या खोबणीत कमी.

उल्केचं लोखंड ही आणखी एक हमखास गोष्ट. जावातल्या प्रांबानान मंदिरांजवळ सापडलेली उल्का अठराव्या शतकाच्या अखेरीस सोलोच्या राजवाड्यात नेली होती हे खरं, पण तिचा साठा मोजका. बाजारातला प्रत्येक पामोर तिथलाच कसा असेल? लोहचुंबक लावून दाखवतात, पण ते साध्या पोलादालाही चिकटतं. केरिस टोकावर उभा राहिला तर तो तोल झाला, वय नव्हे. युनेस्कोचं नाव असलेलं प्रमाणपत्रही असंच निरर्थक. 2005 मध्ये गौरव झाला आणि 2008 मध्ये वारसा-यादीत नाव गेलं ते परंपरेचं, कुणाच्या एका पात्याचं नव्हे.

तिमोहो लाकडाचं म्यान असेल तर त्यावरचे काळे डाग कडेवरून पाठीमागे वळतात का ते पाहा. रंगवलेला डाग कडेशी थांबतो, तेलाच्या बोळ्याने पुसलाही जातो.

ॲसिड लागून गेलंच असेल, तर पातं लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून त्यात बुडवा, मग भरपूर पाण्याने धुवा. सांध्यातलं पाणी पंख्याखाली पूर्ण उडू द्या, मग तेल लावा. गंज पुन्हा दिसला तर हेच परत करा. लगेच वारांगान लावू नका, आधी पुढचा पावसाळा जाऊ द्या.