बौद्धिक अक्षम मुलाला १२ रात्री निवासी केंद्रात ठेवलं: नाशिकमधला आमचा अनुभव

बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आम्ही तीन वर्षं पुढे ढकललं, ते मुलापायी. तो २७ वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता आहे, लहानपणापासून फिटही येते. चार-पाचच शब्द बोलतो, तेही घरच्यांनाच कळतात. मी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालो. मुलगी पुण्याला, तिची पोरं लहान. या जानेवारीत डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, तेव्हा मुलाची सोय शोधायला बाहेर पडलो.

आपल्या शहराला या मुलांच्या शाळांची मोठी परंपरा आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी सुरू केली, म्हणजे दिवसाच्या शाळेची सोय इथे कधीपासूनची. पण दहा-पंधरा दिवसांच्या मुक्कामाचं विचारलं की समोरून पहिला प्रश्न यायचा, "कायमचं ठेवणार का?" ते ऐकून बायको दोनदा रडली. अखेर शहराच्या कडेला असलेल्या एका खाजगी केंद्रात जागा मिळाली. दिवसाला ८०० रुपये, डिपॉझिट वेगळं. अशा मुलांसाठीच्या सरकारी निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतचा दवाखान्याचा खर्च मिळतो, राहण्याचा मिळत नाही, त्यामुळे हे पैसे खिशातूनच गेले. केंद्राचं नाव लिहीत नाही. तक्रारी त्यांना समोर बसून सांगितल्या आहेत. इथे लिहितोय ते इतर पालकांसाठी.

सुरुवात चांगली झाली. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर पालकत्वाचा दाखलाही त्यांनी मागितला. मुलगा १८ वर्षांचा झाला की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून तो दाखला घ्यावा लागतो. बऱ्याच घरांना हे माहीत नसतं. केंद्राने तो मागितला, म्हणजे यांना काम कळतं असं वाटलं.

फिट आली तर काय कराल, हे मी मुद्दाम ऑफिसात न विचारता खोलीत कामाला असलेल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "काका, कांदा हुंगवायचा." नर्सताई मागेच उभ्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे त्याला समजावलं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट दवाखाना. दुसऱ्या दिवशी तेच मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं. चूक मान्य करून लगेच सुधारणारी माणसं मला आवडतात.

चौथ्या दिवशी भेटायला गेलो. केळं खाऊन झाल्यावर त्याला बेसिनपाशी नेलं, तर त्याने दोन्ही हात माझ्यापुढे ताठ धरले आणि नुसता उभा राहिला. नळाला हात लावला नाही. मी धुवून द्यावेत म्हणून वाट बघत होता. माझ्या पोटात गोळा आला. हात धुणं, अंगाला साबण लावणं, तांब्याने पाणी घेणं, हे सगळं त्याला शिकवायला त्याच्या आईला सहा वर्षं लागली आहेत. कानामागचा साबण तेवढा राहतो, बाकी आंघोळ तो स्वतः करतो. चौकशी केली तेव्हा कळलं, इथे दोन जण मिळून त्याला पाच मिनिटांत आंघोळ घालून मोकळे होतात.

त्यांची अडचणही खरी होती. सोलरचं गरम पाणी पहाटेपासून दहा जणांना पुरवायचं, नाशिकची थंडी, आणि सातनंतर नळाला पाणी गार. आमच्या पोराला स्वतः करायला अर्धा तास लागतो. मी म्हटलं, मग त्याची आंघोळ दुपारी दोनला ठेवा, तोवर पाणी पुन्हा तापलेलं असतं. इन्चार्जताई जरा विचारात पडल्या, पण हो म्हणाल्या. पाचव्या दिवसापासून तसंच झालं, आणि ऐकून बरं वाटलं, की आणखी दोघांची आंघोळही दुपारी ठेवली. थोड्या दिवसांसाठी आलेल्या माणसाचं खाणं-पिणं-झोपणं सांभाळलं की काम झालं, असं सगळीकडे धरतात. पण त्याला जे येतं ते त्याच्याकडून करून घेतलं नाही, तर घरी परत येतो तो परावलंबी होऊन.

रात्रपाळीच्या मावशींबद्दल लिहायलाच हवं. आमचं घर रुळांच्या जवळ. सकाळची पंचवटी एक्सप्रेस गेली की हा उठतो, त्याची सकाळ तिथून सुरू होते. केंद्रात गाडीचा आवाज नाही, म्हणून पहिले दोन दिवस तो अंथरुणातच बसून "गाडी, गाडी" करत राहिला. मावशींनी मला रात्री नऊला फोन केला, "दादा, गाडी म्हणजे काय हो याचं?" सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून सकाळी सातला त्या मोबाइलवर रेल्वेचा भोंगा लावायच्या आणि हा उठून चादरीची घडी घालायचा. भरलेल्या फॉर्मची पानं चार होती, पण हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. तो मावशींना सुचला.

आता मोठी तक्रार. फिटची गोळी सकाळी ८ आणि रात्री ८ ला असते. मी ३० गोळ्या मोजून दिल्या होत्या. १२ रात्रींच्या २४ गोळ्या झाल्या, म्हणजे ६ उरायला हव्या होत्या. घरी येऊन मोजल्या तर ७. प्रेसमध्ये आयुष्य मोजण्यात गेलं, मी तीनदा मोजल्या. केंद्राच्या रजिस्टरमध्ये मात्र चोवीसच्या चोवीस सह्या होत्या. फिटच्या औषधाचा एक डोस चुकला तरी फिट येण्याचा धोका वाढतो, आणि आमच्या मुलाला "मला गोळी दिली नाही" असं सांगता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारं ते रजिस्टरच असतं, आणि त्यातच खोटी सही. मी त्याच दिवशी परत गेलो. इन्चार्जताईंनी टाळाटाळ केली नाही. पाळी बदलताना एका रात्री दोघांनीही दुसऱ्याने दिली असं धरलं, आणि सही नंतर झाली, हे निघालं. आता गोळी देणारा एक आणि बघणारा दुसरा, अशा दोन सह्या घेतात आणि पट्टीवरच्या उरलेल्या गोळ्या रोज लिहितात.

जेवण साधं, गरम, वरण-भात-भाजी-पोळी. संडास स्वच्छ. टीव्ही दिवसभर चालू असतो, तो कमी करायला हवा. बाहेर फिरायला नेत नाहीत, तेही खटकलं.

पाचपैकी साडेतीन देईन. गोळीचं झालं नसतं तर चार दिले असते. तुम्ही कुठेही ठेवा, आधी एक रात्र ठेवून बघा, आणि गोळ्या मोजून देऊन त्या आकड्याखाली त्यांची सही घ्या.

बायको आता काठी घेऊन चालते. मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे संगमनेरला, तेव्हा मुलाला तीन रात्रींसाठी त्याच केंद्रात ठेवायचं ठरवलंय. मावशींची रात्रपाळी आहे का, ते विचारूनच तारीख पक्की केली.