लँगम्युअर ट्रफ: तीन वर्षं वापरल्यानंतर

आमच्या कॉलेजच्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत तीन वर्षांपूर्वी छोटा लँगम्युअर ट्रफ घेतला, म्हणजे पाण्यावर पसरलेल्या एका रेणूच्या जाडीच्या थराचा दाब मोजणारं उपकरण. "मॅडम, घ्यावा का?" असं इतर कॉलेजांतले सहकारी अधूनमधून विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. या आकाराचा कुठलाही ट्रफ घेताना बघायच्या गोष्टी त्याच आहेत.

वस्तू दिसायला अगदी साधी. टेफ्लॉनचं उथळ पांढरं तसराळं, त्यावर दोन सरकत्या पट्ट्या, आणि मध्यभागी एका नाजूक तराजूला टांगलेला फिल्टर पेपरचा तुकडा. तो तुकडा पाण्यात अर्धवट बुडतो आणि पाण्याचा पृष्ठताण त्याला किती ओढतो ते तराजू सांगतो. पाण्यावर लिपिडचा, म्हणजे पेशीच्या पटलात असतात तशा स्निग्ध रेणूंचा, थर पसरला की ही ओढ कमी होते. जेवढी कमी झाली, तेवढा पृष्ठदाब. पट्ट्या जवळ आणल्या की रेणूंची जागा आकसते आणि दाब चढतो. ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्सनं घरच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या भांड्यावर हेच केलं होतं. विद्यापीठाचं शिक्षण नाही, हाताशी प्रयोगशाळा नाही. तिनं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेंना लिहिलेलं पत्र १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. ट्रफला हात लावण्याआधी ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते.

आमच्या ट्रफचं क्षेत्रफळ २४० चौरस सेंटिमीटर आहे. क्लोरोफॉर्ममध्ये मिलिलिटरला १ मिलिग्रॅम डीपीपीसी (दोन लांब शेपट्यांचा एक लिपिड) विरघळवलं, तर त्याचे फक्त २७ मायक्रोलिटर पुरतात. एवढ्यात प्रत्येक रेणूला साधारण १.१ चौरस नॅनोमीटर जागा मिळते. थेंब थेंब सोडायचा, पंधरा मिनिटं क्लोरोफॉर्म उडून जाऊ द्यायचा, मग पट्ट्या सावकाश चालवायच्या. घाई केली तर आलेख बिघडतो.

पडद्यावर जागा आणि दाब यांच्या आलेखाची रेघ आधी हळूहळू चढते. मग एका ठिकाणी जवळपास आडवी होते: जागा कमी होत जाते, पण दाब फारसा वाढत नाही. या सपाट टप्प्यात डीपीपीसीच्या अस्ताव्यस्त शेपट्या सरळ होऊन एकमेकींना चिकटून उभ्या राहत असतात. सैल थर आणि घट्ट थर दोन्ही एकाच वेळी पाण्यावर असतात. टप्पा संपला की रेघ ताडकन वर जाते आणि ७० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास थर मोडतो. म्हणजे पाण्याचा ताण जवळपास नाहीसाच झालेला असतो. आपल्या फुप्फुसांतल्या वायुकोशांचं अस्तर बऱ्याच अंशी याच डीपीपीसीचं असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास का जड जातो, त्याचा उलगडा एव्हरी आणि मीड या संशोधकांनी १९५९ मध्ये केला तो याच गुणाच्या आधारे: ताण कमी करणारं हे अस्तर त्या बाळांत पुरेसं नसतं. वर्गात हे दहा वेळा सांगून जेवढं पोहोचत नाही, तेवढं ही एक रेघ पोहोचवते.

आता कोलेस्टेरॉल. या शब्दाला मुलांच्या डोक्यात फक्त वडिलांचा रक्ताचा रिपोर्ट असतो, आणि मला ते फार खटकतं. पेशीच्या पटलात ते काय काम करतं हे बघायला याहून चांगलं साधन माझ्या माहितीत नाही. दर शंभर रेणूंत तीस कोलेस्टेरॉलचे घालून प्रयोग पुन्हा केला, की तो सपाट टप्पा उरतच नाही. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत उडी नाही, सलग चढ.

त्याहून मोलाचं आहे ते जागेचं गणित. २५ अंशांना, ५ मिलिन्यूटन दाबाला डीपीपीसीचा रेणू साधारण ०.८ चौरस नॅनोमीटर व्यापतो, कोलेस्टेरॉलचा ०.३८. सत्तर-तीसच्या प्रमाणात सरासरी येते ०.६७. आमच्या ट्रफवर आली ०.५ च्या थोडी वर. पहिल्या वर्षी मुलांना वाटलं, आपलं काही चुकलं. त्यांनी तीन वेळा नव्यानं द्रावण केलं आणि तिन्ही वेळा तेच आलं. चूक नव्हतीच. कोलेस्टेरॉलचा ताठ, चपटा कड्यांचा गाभा शेजारच्या वळवळत्या शेपट्यांना सरळ करतो, म्हणून मिश्रण बेरजेपेक्षा कमी जागेत मावतं. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ लीद्सनं (जॉन बेरेसफर्ड लीद्स) हा आकुंचनाचा परिणाम १९२५ मध्ये दाखवला. त्याच वर्षी गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी रक्तातल्या तांबड्या पेशींतले लिपिड अशाच तसराळ्यावर पसरून पटल दुपदरी असल्याचं मांडलं. पण दाब ३० मिलिन्यूटनच्या पुढे नेला, म्हणजे दुपदरी पटलातल्या रेणूंइतकी दाटी केली, की हे आकुंचन खूपच कमी होतं. डीपीपीसी तिथे आधीच घट्ट उभं असतं. कोलेस्टेरॉल सैल थराला आवळतं आणि गोठू पाहणाऱ्या थराला पूर्ण गोठू देत नाही, ही दोन्ही कामं एकाच आलेखाच्या दोन टोकांना दिसतात.

आता त्रास. सगळ्यात मोठा तापमानाचा. २० अंशांना सपाट टप्पा साधारण ५ मिलिन्यूटन दाबाला येतो, ३० अंशांना त्याच्या दुपटीहूनही वर सरकतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारचे आकडे सकाळच्या आकड्यांशी जुळत नाहीत. तसराळ्याखालून पाणी फिरवणारं थंड-गरम यंत्र विक्रेत्यानं कोटेशनमध्ये धरलंच नव्हतं. ते वेगळं घेईपर्यंत पहिलं वर्ष वाया गेलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या वर्षी एक पट्टी मागे राहू लागली. दुरुस्तीला माणूस यायला सात आठवडे लागले. आला तेव्हा मात्र त्यानं काम चोख केलं, आणि पट्टीचा स्क्रू कसा घट्ट करायचा तेही मुलांना शिकवून गेला.

स्वच्छतेला तर पर्यायच नाही. बोटाला लागलेलं डोक्याचं तेलही आलेखात दिसतं. क्लोरोफॉर्मनं पुसा, अल्कोहोलनं पुसा, अतिशुद्ध पाण्यानं दोन-तीनदा धुवा, मग नुसत्या पाण्यावर पट्ट्या मिटवून बघा. दाब ०.३ च्या वर गेला तर पुन्हा पहिल्यापासून. पंखा चालणार नाही. आमचे प्रयोगशाळेतले मामा आता ट्रफवरचं झाकण निघालेलं दिसलं की न सांगता पंखा बंद करतात आणि दाराशी उभे राहून कुणाला आत सोडत नाहीत. चांगल्या आलेखांपैकी निम्मे त्यांच्यामुळे आलेत असं मी मनापासून मानते.

कोलेस्टेरॉलची बाटली उघडी राहिली तर हवेनं खराब होते आणि आकडे गुपचूप सरकतात. लहान लहान कुप्या करून उणे २० अंशांना ठेवा, आणि क्लोरोफॉर्मचं द्रावण आठवड्याहून जुनं वापरू नका. झाकणातून क्लोरोफॉर्म उडतो, द्रावण दाट होतं, आणि रेणू जाडे झाल्यासारखे दिसतात.

घ्यावा का? एम.एस्सी.च्या मुलांसाठी, हो, नक्की. संशोधनासाठीही, पण तापमानाची सोय त्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या. पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमच्या खोलीत, तुमच्या पाण्यावर दोन आलेख काढून दाखवायला सांगा: एक नुसत्या पाण्याचा, एक डीपीपीसीचा. सपाट टप्पा नीट आडवा आला, दाब ७० पर्यंत गेला आणि पट्टीखालून थर गळला नाही, तरच सही करा.