लोकसभेचा वृत्तान्त : पीठासीन सुमित्राताईंना वाचताना

लोकसभेच्या कामकाजाचा शब्दशः वृत्तान्त संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात कोणालाही विनामूल्य वाचता येतो. सभागृहाचे चित्रण पूर्वी लोकसभा टीव्ही दाखवत असे, 2021 पासून ते संसद टीव्हीवर दिसते. या सेवेचे परीक्षण करताना मी कसोटी म्हणून सुमित्रा महाजन यांची कारकीर्द निवडली. चिपळूणला जन्मलेल्या आणि लग्नानंतर इंदूरच्या झालेल्या सुमित्राताईंनी 1989 मध्ये मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवून लोकसभेत प्रवेश केला, तेथून सलग आठ निवडणुका जिंकल्या, 1999 ते 2004 या काळात केंद्रात राज्यमंत्रिपद सांभाळले आणि 6 जून 2014 रोजी त्या एकमताने लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. मीरा कुमार यांच्यानंतर या पदावर बसलेल्या त्या दुसऱ्या महिला. बाकावरून बोलणारी सदस्य, उत्तर देणारी मंत्री आणि त्या दोघांनाही वेळ वाटून देणारी अध्यक्ष अशा तिन्ही भूमिकांत एकच व्यक्ती या वृत्तान्तात भेटते.

पहिल्या दोन भूमिकांपुरती ही सेवा चोख आहे. लोकसभा, अधिवेशन, दिनांक किंवा सदस्याचे नाव यांच्या आधारे शोध घेतला की भाषण समोर येते. पीठावरील, म्हणजे अध्यक्षांच्या आसनावरून केलेल्या, कामाचा शोध मात्र असा सरळ लागत नाही, कारण अध्यक्ष चर्चेत भाषण करत नाहीत. त्यांची वाक्ये दुसऱ्यांच्या भाषणांच्या पोटात विखुरलेली असतात आणि ती गोळा करायची तर त्या दिवसाचा वृत्तान्त अथपासून इतिपर्यंत वाचावा लागतो. त्यातही एक खबरदारी घ्यावी लागते. दिवसभर एकच व्यक्ती पीठावर नसते. उपाध्यक्ष किंवा तालिकेवरील सभापती (अध्यक्षांच्या गैरहजेरीत पीठावर बसण्यासाठी नेमलेले सदस्य) मधूनमधून सूत्रे घेतात आणि हा बदल वृत्तान्तात केवळ वेळेच्या आकड्याखाली कंसातल्या एका ओळीत नोंदवलेला असतो. ती ओळ नजरेतून सुटली, तर उपाध्यक्ष थंबीदुराई यांचा निर्णय सुमित्राताईंच्या नावावर जमा होण्यास वेळ लागत नाही.

या सेवेचे खरे मोल कळते ते 2018 च्या मार्च महिन्यातले वृत्तान्त ओळीने वाचल्यावर. सरकारवरील अविश्वास प्रस्तावाच्या सूचना वायएसआर काँग्रेस आणि तेलुगू देसम यांनी दिल्या होत्या. लोकसभेच्या कामकाज नियमांपैकी नियम 198 प्रमाणे प्रस्तावाला पाठिंबा देणाऱ्या किमान 50 सदस्यांनी आपापल्या जागी उभे राहायचे असते आणि अध्यक्षांनी ते मोजायचे असतात. इकडे अन्य सदस्य फलक घेऊन अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरलेले. सभागृह शांत नसल्याने मोजणी शक्य नाही, असे सांगून अध्यक्षांनी कामकाज तहकूब केले, आणि अधिवेशन संपेपर्यंत हेच घडत राहिले. बातम्यांत हा प्रसंग एका वाक्यात उरकला जातो. वृत्तान्तात त्याची पुनरावृत्ती दिसते: अकरा वाजता प्रारंभ, कंसातले ‘व्यवधान’, बारापर्यंत तहकुबी, बारा वाजता पुन्हा कागदपत्रे पटलावर आणि पुन्हा तेच. मोजणीचा अन्य मार्ग काढता आला असता, असे माझे मत हे वाचूनच बनले. उभे राहिलेल्यांची गणना अडवण्यास गोंधळ पुरेसा ठरत असेल, तर पाठिंब्याची अट कितीही माफक असून उपयोग काय? उलट मत बनवण्यासाठी लागणारा मजकूरही त्याच पानांवर आहे, हे सेवेच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

त्याच वर्षीच्या 20 जुलैची चर्चा याच्या अगदी उलट. दोनच दिवसांपूर्वी अविश्वास प्रस्ताव दाखल करून घेतला गेला होता. चर्चा रात्रीपर्यंत चालली आणि 126 विरुद्ध 325 मतांनी प्रस्ताव फेटाळला गेला. हा दिवस वाचण्यापेक्षा पाहावा. पक्षनिहाय ठरलेला वेळ संपत आलेल्या वक्त्याला थांबवणे, एखाद्याला आणखी एक मिनिट देणे, आरोप झालेल्या मंत्र्याला खुलाशाची संधी देणे, या सगळ्यात सुमित्राताईंचा शाळेतल्या बाईंसारखा सूर ऐकू येतो, आणि कागदावर तो उतरत नाही. राहुल गांधींनी पंतप्रधानांना मिठी मारल्यानंतर सभागृहाच्या शिष्टाचाराबद्दल त्यांनी दिलेली समजही कागदावर जितकी कोरडी वाटते, तितकी ती चित्रणात नाही.

चित्रणाची मर्यादा मात्र गंभीर आहे. गदारोळ सुरू झाला की कॅमेरा बहुधा पीठावर स्थिरावतो. पीठासीन व्यक्तीचा अभ्यास करणाऱ्याला हे लाभदायक असले, तरी त्या किती आणि कोणत्या गोंधळाला सामोऱ्या जात आहेत हे कळत नसल्याने त्यांची कठोरता किंवा सबुरी जोखता येत नाही. 3 ऑगस्ट 2015 रोजी काँग्रेसच्या 25 सदस्यांना, गोंधळ घालणाऱ्यांच्या निलंबनाविषयीच्या नियम 374अ खाली, पाच बैठकांसाठी निलंबित करण्याचा निर्णय रास्त होता की अतिरेकी, हे ठरवण्यासाठी बाकांकडचे दृश्य हवे. आणि मीरा कुमार यांच्या कार्यकाळात, 18 फेब्रुवारी 2014 रोजी तेलंगणाचे विधेयक संमत होत असताना तर थेट प्रक्षेपणच बंद पडले होते.

वृत्तान्तातही गाळलेल्या जागा आहेत. पीठाच्या आदेशाने काढून टाकलेल्या शब्दांच्या जागी तारांकन आणि तळाशी एक टीप, एवढेच उरते. नियम 380 ने हा अधिकार दिलेला आहे, त्यामुळे सेवेला दोष देता येत नाही; पण ज्या निर्णयाचे परीक्षण करायचे, त्याचा पुरावा त्या निर्णयानेच पुसलेला असतो.

मराठी वाचकांसाठी एक सूचना. आपल्या खासदारांनी मराठीत केलेली भाषणे छापील वृत्तान्तात इंग्रजी अनुवादाच्या रूपात येतात आणि मूळ भाषण मराठीत झाल्याची केवळ टीप असते. ती ऐकण्यासाठी चित्रणच गाठावे. ज्यांना पीठाचे काम समजून घ्यायचे आहे, त्यांनी 20 जुलैचे चित्रण आधी पाहावे आणि मार्चमधले वृत्तान्त त्यानंतर वाचावेत, कारण सुरळीत चाललेली चर्चा ओळखीची झाल्याशिवाय त्या तहकुब्यांत नेमके काय अडले होते हे ध्यानात येत नाही.