मीटर खरं होतं

गाडी बघायला नाशिकहून पुण्याला निघालो तेव्हा माझ्या खिशात पंधरा प्रश्नांची यादी होती. किती चालली, कितवा मालक, कुठे ठोकली का, टायर किती टक्के, इंजिन उघडलंय का, बँकेचा बोजा आहे का. याआधी तीन जुन्या गाड्या घेतल्या होत्या, सगळ्या छोट्या, आणि त्या अनुभवातून ही यादी तयार झाली होती. विकणाऱ्याने पंधराच्या पंधरा प्रश्नांची खरी उत्तरं दिली. एकही थाप मारली नाही. आणि ११ लाख ७५ हजारांना मला जी गाडी गळ्यात मारली, ती पाच दिवस पुराच्या पाण्यात उभी होती.

फेब्रुवारी २०२१ची गोष्ट. माझं औषधांचं होलसेलचं दुकान आहे. सगळ्यांचे धंदे बसलेले असताना आमचा जोरात चालला, हे सांगताना आजही थोडी लाज वाटते. हातात पैसे होते, आणि काळी जर्मन सेडान ही माझी कॉलेजपासूनची हौस. नवी घ्यायची तर पन्नास लाखांच्या घरात. जुनी, २०१४चं मॉडेल, पावणेबारा लाखांत मिळत होती. बाजारभावापेक्षा दोन-अडीच लाखांनी स्वस्त. बायको म्हणाली, "अहो, एवढी स्वस्त का देतोय तो?" मी म्हणालो, कोविड आहे, गिऱ्हाईक कुठंय.

हायवेलगतचं मोठं दुकान. पाच-पंचवीस गाड्या पुसून ओळीत उभ्या, काचेच्या केबिनमध्ये एसी, आल्याआल्या पाण्याची बाटली. त्या माणसाने पहिलंच वाक्य टाकलं, "सर, डॉक्टरची गाडी आहे." संपलं. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे दोन शब्द हॉलमार्कसारखे चालतात. माझा तर रोजचा संबंधच डॉक्टरांशी, त्यामुळे मी अर्धा तिथेच विकला गेलो.

मीटरवर ४१,३०० किलोमीटर. सात वर्षांच्या डिझेल गाडीला हे फारच कमी, म्हणून मला तोच संशय होता. मीटर मागे फिरवलं असणार. मी हुशारी दाखवली, सर्व्हिसची नोंद मागितली. त्याने लगेच दिली. २०१४पासून दरवर्षी सर्व्हिस, प्रत्येक वेळचे किलोमीटर चढत्या क्रमाने, शेवटची जुलै २०१९ला ४०,८०० वर. त्यानंतर एकदम डिसेंबर २०२०. मधलं जवळपास दीड वर्ष कोरं. "डॉक्टरसाहेब कोविडमध्ये कुठे गाडी काढणार, सर?" मला पटलं. कोविड मार्च २०२०मध्ये आला आणि नोंद त्याच्या आठ महिने आधी थांबली होती, हे बोटं मोजून बघायला मला पुढे सहा महिने लागले.

मीटर खरं होतं. गाडी कमी चालली होती, कारण ती चालण्याच्या लायकीची उरली नव्हती.

पासिंग एमएच १०. एमएच १० म्हणजे सांगली, हे मला पाठ होतं. सांगली म्हटल्यावर हळद आठवली, गणपतीचं देऊळ आठवलं. पूर नाही आठवला. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. त्या आठवड्यात आमच्या असोसिएशनने औषधांचा एक टेम्पो सांगलीला पाठवला होता आणि खोकी मोजायला मी स्वतः उभा होतो. तोच मी, दीड वर्षाने एमएच १०च्या पाटीवरून हात फिरवत म्हणत होतो, रंग काय चकाकतोय!

आणखी एक गोष्ट हातात होती. मी नाशिकच्या ओळखीच्या पोराकडून स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र, मागून नेला होता. लावला, एकही दोष नाही. मोबाइलवर फोटो काढून बायकोला पाठवला. त्या फोटोत तळाला एक ओळ होती, दोषांचे कोड पुसल्यापासून गाडी किती चालली याची. तिथे ९ लिहिलं होतं. नऊ किलोमीटर. म्हणजे सगळे दोष आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी पुसलेले. ती ओळ मी बघितली, पण वाचली नाही.

विम्याचंही तसंच. पॉलिसी नवी, ऑक्टोबर २०२०ची, नो क्लेम बोनस शून्य. ज्या माणसाने पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही त्याला ५० टक्के सूट मिळते, आणि दरवर्षी शोरूमला सर्व्हिस करणारा डॉक्टर ती सहज सोडत नाही. विचारलं तर उत्तर आलं, "रिन्यू करायचं राहून गेलं त्यांचं, खंड पडला की बोनस जातो." खंड नव्वद दिवसांहून मोठा असेल तर नियम खराच आहे. असं प्रत्येक गोष्टीला एक खरं वाटणारं उत्तर होतं, आणि मी प्रत्येक उत्तर सुटं सुटं ऐकून पुढे जात होतो.

दहा लाख बँकेतून दिले, पावणेदोन लाख रोख, कारण "तेवढं वर ठेवा सर, हिशेबाला बरं पडतं." एका छापील कागदावर सही केली. त्यात मधोमध एक वाक्य होतं, गाडी जशी आहे तशी पाहून, पसंत करून ताब्यात घेतली.

मार्च ते मे, तीन महिने गाडी लोण्यासारखी चालली. त्र्यंबकला गेलो, सापुताऱ्याला गेलो, मेहुण्याला मुद्दाम मागे बसवून फिरवलं. जूनचा पहिला पाऊस पडला आणि एसी लावला की गाडीत वास येऊ लागला, बंद घरातल्या गादीला येतो तसा. मग एका रात्री दोन वाजता वॉचमनने बेल वाजवली, "साहेब, तुमच्या गाडीच्या काचा आपोआप खाली जातात." खाली गेलो तर खरंच, चारही काचा सावकाश उतरत होत्या, पाऊस आत येत होता आणि चावी माझ्या खिशात होती. पुढच्या पंधरा दिवसांत बॅटरी तीनदा उतरली. एअरबॅगचा लाल दिवा लागला तो विझेना. घोटीजवळ गिअर तिसऱ्यावरच अडकला, तसाच चाळीसच्या वेगाने घरी आलो.

कंपनीच्या वर्कशॉपने २ लाख ८६ हजारांचं एस्टिमेट दिलं, आणि त्याखाली बारीक अक्षरात टीप, आणखी काम निघू शकतं. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण चांगली गाडी मिळाली तरी ही लागू आहे. आपण गाडी पावणेबारा लाखांची घेतो, पण तिचे पार्ट पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात. हेडलाइटचा एक संच, रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरची एक जोडी, गिअरबॉक्सचं ऑइल, यातलं काहीही आपल्या खरेदीची किंमत विचारत नाही. स्वस्त झाली ती फक्त गाडी. वर्षाला लाख-दीड लाख बाजूला काढायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं असं नाही.

शेवटी अंबड लिंक रोडवर वायरिंगचं काम करणारे एक चाचा आहेत त्यांच्याकडे गेलो. चाचांनी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिले. आपण बेल्ट ओढतो तो छातीपुरता. चाचांनी पार शेवटपर्यंत ओढला, पुढे येईना तोपर्यंत. मग मला म्हणाले, "बघा." खांबात गुंडाळलेला जो भाग एरवी बाहेरच येत नाही, त्यावर वीतभर मातकट पट्टा होता. वरची कड अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखी. चाचांनी नखाने खरवडलं तर काळी माती पावडरीसारखी मांडीवर पडली.

"साहेब, गाडी पाण्यातली आहे."

मग त्यांनी दाराची पट्टी उचकटून गालिचा उलटला. वरून शाम्पू मारलेला, मऊ, सुगंधी. खाली तळहाताएवढ्या जाडीचा फोम, दाबला की अजून ओल सुटत होती. त्या फोमच्या शेजारीच गाडीचे डबे, म्हणजे कंट्रोल युनिट बसवलेले. छोट्या गाडीत पाणी शिरलं की सीट वाळवून, ऑइल बदलून बऱ्याच वेळा निभावतं. या गाड्यांत बॅटरी डिकीत, कॉम्प्युटर पायाखाली, एकेका सीटला वेगळी वायर. चाचांनी एक कनेक्टर सोडवून दाखवला. आतल्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारख्या. हे लगेच होत नाही, महिने जातात. म्हणून तर गाडी बाजारात येताना चालू असते.

आरसीवरच्या पत्त्यावर मी सांगलीला गेलो, भांडायच्या तयारीने. डॉक्टर साठीचे, भले गृहस्थ. मी गाडीचा नंबर सांगितला तर चक्रावलेच. "ती अजून चालते?" मग सगळं सांगितलं. पार्किंगमध्ये पाच दिवस पाणी होतं, डॅशबोर्डच्या वर. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर जातो तेव्हा विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसान धरते आणि ती रक्कम देऊन टाकते. तसे त्यांना पैसे मिळाले. बुडालेली गाडी भंगार घेणाऱ्याने उचलली आणि जाताना गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३०वर डॉक्टरांच्या सह्या नेल्या. "मला वाटलं मोडीत गेली," ते म्हणाले. खरं तर गाडी वापराबाहेर गेली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. ते राहिलं. त्यामुळे दीड वर्ष गाडी कागदावर डॉक्टरांचीच होती. त्या काळात तिने कोणाला उडवलं असतं तर भरपाई डॉक्टरांच्या दारात आली असती, कारण आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यांनी मला चहा दिला आणि विम्याच्या पत्राची झेरॉक्स दिली. पुढे तीच कामाला आली.

ग्राहक आयोगात जायचं ठरवलं तेव्हा कळलं की दुकानदार कागदोपत्री कुठेच नाही. आरसी डॉक्टरांच्या नावावरून थेट माझ्या नावावर आलेली. त्याचं म्हणणं, मी फक्त ओळख करून दिली. त्याच्या खात्यात गेलेले दहा लाख हा एकच धागा. रोख दिलेले पावणेदोन लाख वकिलाने दाव्यात धरलेच नाहीत, पुरावा काय? बाकी प्रक्रिया वाटली तेवढी अवघड नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला खेपा नाहीत. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला शुल्क २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. तारखा पडत राहिल्या. नोव्हेंबर २०२२मध्ये तीन लाखांवर तडजोड झाली. त्यात त्याचं नाव कुठे घ्यायचं नाही अशी अट आहे, म्हणून इथेही घेतलं नाही. पुढे १ एप्रिल २०२३पासून अशा व्यापाऱ्यांना आरटीओचं अधिकारपत्र घेणं आणि ताब्यात आलेल्या गाडीची नोंद करणं बंधनकारक झालं. आता घेणाऱ्याने निदान ते अधिकारपत्र दाखवा म्हणावं, आणि पैसे ज्याला देतो त्याचंच नाव पावतीवर आहे का ते बघावं.

आता ओळखीत कोणी जुनी गाडी घेत असेल तर मी सोबत जातो. यादी नेत नाही. बेल्ट ओढतो, सीट पुढे-मागे करून खालच्या नटांवर गंज आहे का बघतो, डिकीतला तळाचा खड्डा उघडतो. गाडीत तीन-तीन सेंट टांगलेले असले की ते काढून काचा लावून दहा मिनिटं आत बसतो. आणि विचारतो, पाण्यात गेली होती का, तसं लिहून द्याल का? आतापर्यंत दोघांनी "तुम्हाला घ्यायची नसेल तर नका घेऊ" म्हणून चाव्या परत घेतल्या.

माझी गाडी तडजोडीनंतर विकायला काढली. पार्ट सुटे करून विकणारा एक जण आला. बसला, कोणाशी न बोलता सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, सोडून दिला आणि म्हणाला, "२ लाख ३० हजार. आरसी जिवंत देणार असाल तर ३ लाख १० हजार." मी विचारलं, पार्ट काढणार तर आरसी कशाला? तो हसला. म्हणाला, उद्या सांगा, घाई नाही.

दुसऱ्या दिवशी मी २ लाख ३० हजारच घेतले. चॅसिस नंबरचा तुकडा माझ्यासमोर कापून घेतला, आरसीसोबत आरटीओत जमा केला आणि नोंदणी रद्द केली. मधल्या रात्री त्या ८० हजारांचा हिशेब मी दोनदा केला होता, ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.